व्यापारी इमारतीतल्या एसीची देखभाल: बेळगाव भागात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

बँक, दवाखाना, साड्यांचं दुकान, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, अशा एखाद्या ठिकाणी एसी सांभाळायचं काम तुमच्याकडे नव्यानं आलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी कानावर येतील: "थंडच होत नाही बघा" आणि "वरून पाणी गळायलंय". दोन्ही तक्रारींची सुरुवात त्या दिवशी झालेली नसते. फिल्टर महिनाभर तुंबत आलेला असतो, ड्रेनच्या पाइपात शेवाळ वाढत असतं, मोटर सुरू व्हायला मदत करणारा कॅपेसिटर दोन-तीन महिने हळूहळू उतरत असतो. तक्रार येण्याच्या कितीतरी आधी हे डोळ्यांना आणि मीटरला दिसतं. ते कधी, कुठे आणि कोणत्या क्रमानं बघायचं, ते इथे सांगतो.

आधी आपला भाग समजून घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत दर तीन महिन्यांनी सर्व्हिस करा असं छापलेलं असतं, पण ते सगळीकडे सारखं चालत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते. तिथे ओल आणि गंज सांभाळावा लागतो. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्यांजवळ बारीक वाळू आणि लोखंडाची भुकटी कॉइलवर बसते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळची धूळ चिकट असते, नुसत्या ब्रशनं निघत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी थेट गच्चीवरच्या आउटडोअरमध्ये खेचली जाते. उन्हाळ्यात अथणीकडे पारा चाळिशी गाठतो, तर बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्यानं तिथे तो बहुधा ३५ ते ३८ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे एकाच कंपनीचं, एकाच क्षमतेचं मशीन असलं तरी पन्नास-साठ किलोमीटरवर त्याच्या देखभालीचं वेळापत्रक बदलतं.

पहिली पायरी: यादी आणि नंबर

हत्यारं नंतर काढा, आधी वही घ्या. इमारतीतला प्रत्येक इंडोअर आणि त्याचा गच्चीवरचा आउटडोअर यांची जोडी शोधून दोघांवर एकच नंबर ऑइल पेंटनं टाका. स्टिकर लावू नका, पहिल्या पावसात तो निघून जातो. गणपत गल्ली किंवा खडे बाजारातल्या जुन्या इमारतींत एकाच गच्चीवर तीन-चार दुकानांचे आउटडोअर दाटीनं बसवलेले असतात. नंबर नसेल तर भलत्याच दुकानाचा एसी बंद होतो आणि भांडण तुमच्या अंगावर येतं. नेमकी जोडी कळत नसेल तर एकेक मशीन सुरू करा आणि कोणता पंखा फिरतो ते वर उभ्या असलेल्या सोबत्याला फोनवर विचारा.

मशीनवरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो काढा आणि वहीत लिहून घ्या: मॉडेल, सिरियल नंबर, किती टन, कोणता गॅस आणि किती ग्रॅम, फुल लोडचा करंट किती अँपिअर. गॅसचं वजन आणि करंट हे दोन आकडे पुढे सारखे लागतात. पट्टी उन्हानं फिकी पडत असेल तर आत्ताच लिहून ठेवा, दोन वर्षांनी वाचता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार उपयोगी पडते. आयसोलेटर (मशीनचा मुख्य स्विच), डीबी (एमसीबींची पेटी) आणि ड्रेनच्या तोंडाजवळच्या सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा. दिवसा असणाऱ्या मावशींना मराठी वाचता येतं, रात्रीच्या वॉचमनमामांना कन्नड, किंवा नेमकं उलटं. रात्री धूर निघाला तर कोणता स्विच पाडायचा हे दोघांनाही कळलं पाहिजे.

दुसरी पायरी: हात लावण्याआधी

रिमोटनं बंद केलेल्या एसीत वीज असते. आयसोलेटर किंवा एमसीबी पाडा, तिथे कुलूप घाला, किमान "काम चालू आहे" अशी पाटी लावा आणि मग टेस्टरवर विसंबून न राहता मल्टीमीटरनं तिन्ही फेज न्यूट्रलशी आणि अर्थशी तपासा. वीज बंद झाल्यावरही कॅपेसिटरमध्ये चार्ज उरतो. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढून तो उतरवायची सवय लावून घेऊ नका. रेझिस्टर लावलेल्या वायरनं उतरवा. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डावर मोठे कॅपेसिटर असतात, तिथे वीज बंद करून पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबा आणि व्होल्टेज मोजल्याशिवाय बोट लावू नका.

पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीवर आणि भिंतीबाहेर लोंबणाऱ्या स्टँडवर एकट्यानं चढू नका. मालक घाई करत असले तरी सेफ्टी बेल्ट मागा. नवीन मशीनमध्ये आर-३२ गॅस असेल तर तो थोडा ज्वलनशील आहे, आणि काही स्प्लिटमध्ये असणारा आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो चांगलाच पेट घेतो. अशा मशीनजवळ गॅस मोकळा झालेला असताना ब्रेझिंगची (नळ्या जोडायची) ज्योत पेटवायची नाही. दारं-खिडक्या उघडा, हवा खेळती होऊ द्या, मग काम.

तिसरी पायरी: आधी मोजमाप, मग सर्व्हिस

बहुतेक जण मशीन उघडून धुवायला घेतात. त्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून आकडे घ्या, नाहीतर सर्व्हिसनं काय फरक पडला हे कधीच कळत नाही.

घ्यायचे आकडे असे: मशीनमध्ये परत जाणाऱ्या हवेचं तापमान, बाहेर पडणाऱ्या थंड हवेचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान, व्होल्टेज आणि कॉम्प्रेसरचा करंट. दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणि एक क्लॅम्प मीटर यात हे सगळं होतं. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक बहुधा ८ ते १२ अंश असतो. तो ५-६ वर आला तर गॅस कमी असेल, कॉम्प्रेसर थकला असेल किंवा आउटडोअर तुंबला असेल. फरक १४-१५ वर गेला तर खूश होऊ नका. हवा कमी वाहतेय, फिल्टर किंवा ब्लोअर बघा.

पावसाळ्यात हा आकडा जपून वाचायचा. हवा दमट असते तेव्हा मशीनची बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते आणि तापमानातला फरक कमी दिसतो. जुलैत खानापूरच्या बँकेत ७-८ अंश मिळाले म्हणून लगेच गॅस कमी असल्याचं ठरवू नका. त्याच मशीनचा मागच्या जुलैचा आकडा वहीत असेल तर त्याच्याशी ताडून बघा. वही ठेवायची ती यासाठीच. एकट्या आकड्यापेक्षा त्याच मशीनच्या जुन्या आकड्याशी केलेली तुलना कितीतरी जास्त सांगते.

एक सल्ला कळकळीनं देतो. लहान स्प्लिटला प्रत्येक सर्व्हिसला गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावू नका. होज लावताना-काढताना दर वेळी थोडा गॅस जातो, व्हॉल्व्हची पिन सैल होते, आणि तीन-चार वर्षांत चांगलं मशीन आपणच गळकं करून ठेवतो. तापमान आणि करंट बरोबर असतील तर गेज पेटीतच राहू द्या.

चौथी पायरी: हवेचा रस्ता

इमारतीच्या वीजबिलात आणि मशीनच्या आयुष्यात सर्वात जास्त फरक फिल्टर पाडतो आणि ते काम सर्वात स्वस्त आहे. गजबजलेल्या रस्त्यावरच्या दुकानात, जिथे काचेचं दार सतत उघडतं, तिथे दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा. वरच्या मजल्यावरच्या शांत ऑफिसात महिन्यानं चालतं. साड्यांच्या आणि तयार कपड्यांच्या दुकानात कापडाचा बारीक तंतू उडत असतो. तो फिल्टरवर लोकरीसारखा थर धरतो, तिथे आठवड्यानंही बघावं लागतं. सलूनमध्ये केस आणि पावडर असल्यानं तिथेही आठवडाच धरा.

हे काम तुम्हीच करायला हवं असं नाही. दुकानातल्या एका मुलाला किंवा मावशींना एकदा नीट शिकवा: जाळी काढायची कशी, धुळीच्या उलट बाजूनं पाणी मारायचं, ऊन न लावता सावलीत वाळवायची, ओली बसवायची नाही. फिल्टरचे दोन जोड ठेवले तर मशीन बंद ठेवावं लागत नाही. शिकवताना पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पुढे तुमच्या फेऱ्या वाचतात.

फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी असेल तर ब्लोअरचं चाक बघा. टॉर्च मारून पात्यांच्या आतल्या वळणात बघायचं. तिथे धूळ बसली की पात्याचा आकारच बदलतो; मोटर तेवढीच फिरते, हवा मात्र निम्मी. डक्टेबल (छताच्या वरून डक्टमधून हवा देणारं) मशीन असेल तर फॉल्स सीलिंगच्या वर एकदा चढाच. निखळलेला फ्लेक्सिबल डक्ट, उंदरानं फाडलेलं इन्सुलेशन, इलेक्ट्रिशियननं वायर ओढताना दाबलेला पाइप, हे खालून कधीच दिसत नाही, आणि थंड हवा पोटमाळ्यावर वाया जात असते.

बाहेरच्या बाजूला आउटडोअरसमोर काय आलंय ते प्रत्येक फेरीत बघा. आपल्या बाजारपेठेत सणावारी, निवडणुकीत, सेलच्या दिवसांत फ्लेक्स नेमके आउटडोअरच्या तोंडावर बांधले जातात. गरम हवा अडून परत मशीनमध्येच शिरते, दाब वाढतो, मशीन ट्रिप होतं, आणि तक्रार मात्र "गॅस संपला" अशी येते. एकावर एक रचलेल्या आउटडोअरचंही तसंच. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. जागा बदलता येत नसेल तर निदान मधे पत्र्याचा तिरका आडोसा घालून हवा बाहेर वळवा.

पाचवी पायरी: कॉइल धुणं

इंडोअरची कॉइल वर्षातून दोनदा, आउटडोअरची किमान तीनदा. कारखाना, फाउंड्री किंवा वखार जवळ असेल तर हंगामात दर महिन्याला.

पाणी मारण्याआधी मोटर, बोर्ड आणि टर्मिनल प्लास्टिकनं नीट झाका. आउटडोअरची धूळ बाहेरून आत ओढलेली असते, म्हणून पंख्याची जाळी काढून पाणी आतून बाहेर मारायचं. बाहेरून मारलं तर चिखल पात्यांत आणखी खोल जातो आणि वरून कॉइल चकाचक दिसते. दोन-तीन ओळींच्या कॉइलमध्ये ही चूक फार महाग पडते. जेट पंपाची धार जवळून आणि तिरकी मारली तर ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात. धार लांबून आणि सरळ ठेवा, दाब कमी ठेवा. वाकलेली पाती फिन कोंबनं विंचरून सरळ करता येतात.

केमिकल कधी वापरायचं? निपाणीसारखी चिकट धूळ किंवा हॉटेलच्या किचनजवळचा तेलकट थर असेल तेव्हाच, आणि तेही कॉइलसाठी बनवलेलं सौम्य क्लीनर, सांगितलेल्या प्रमाणात, नंतर भरपूर पाण्यानं धुऊन. ॲसिड लावून कॉइल पांढरी चमकवणारे लोक तुम्हाला भेटतील. मालकाला ती चमक आवडते, पण त्या ॲसिडनं पाती झिजतात आणि पुढे तांब्याच्या नळीला छिद्रं पडतात. बगॅसची राख मात्र केमिकलशिवाय निघते. आधी कोरड्या ब्लोअरनं उडवायची आणि मग पाणी. आधीच पाणी मारलं तर राखेचा लगदा होतो.

सहावी पायरी: पाणी

आपल्याकडे पावसाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ याच कामात जातो, म्हणून थोडं सविस्तर.

दीड टनाचं मशीन दमट हवेत तासाला दोन-एक लिटर पाणी हवेतून काढू शकतं. अशी वीस कॅसेट (छतात बसवलेले एसी) असलेल्या ऑफिसात आठ तासांत तीनशे लिटरच्या पुढे पाणी छतावरून वाहून न्यायचं आहे हे डोळ्यांसमोर ठेवा. हे पाणी ट्रेमध्ये पडतं, तिथे धूळ मिसळते, आणि अंधारात, ओलीत बुळबुळीत शेवाळाचा लगदा तयार होतो. तो पाइपाच्या पहिल्या वळणात अडकतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मॉन्सून पोचण्याआधी, प्रत्येक मशीनच्या ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओता आणि ते पाइपाच्या दुसऱ्या टोकाला किती वेळात येतं ते बघा. थेंब थेंब आलं तर पाइप तुंबलेला आहे. बाहेरच्या टोकाला वेट व्हॅक्यूम लावून ओढणं सर्वात चांगलं. आतून जोरात हवा मारली तर फॉल्स सीलिंगमधला एखादा सैल जोड सुटतो आणि पाणी संगणकांवर पडतं. कॅसेटमध्ये पाणी वर उचलणारा छोटा पंप असतो. त्याची चाचणी मशीन कूलिंगवर चालू ठेवूनच घ्या. फ्लोट बोटानं वर उचलून कॉम्प्रेसर बंद होतो का तेही बघा. तो बंद झाला नाही तर पंप बिघडलेल्या दिवशी ट्रे भरून वाहणार हे नक्की.

पाइपाचा उतार मीटरला किमान एक सेंटीमीटर हवा. पाइप बसवताना उतार बरोबर असतो, पण हँगर लांब लांब ठोकलेले असले की वर्षभरात पाइप मधे झोळ खातो आणि त्या झोळात शेवाळ साठतं. सव्वा मीटरला एक हँगर घालून घ्या. ड्रेनच्या थंड पाण्याच्या पाइपावर इन्सुलेशन नसेल तर जुलैत पाइपाला बाहेरून घाम फुटतो आणि सीलिंगवर पिवळे डाग पडतात. गळती शोधत ट्रे चारदा काढला तरी सापडत नाही, ती बहुधा हीच.

मोठ्या एएचयूमध्ये (डक्टमधून हवा देणाऱ्या मोठ्या युनिटमध्ये) पंखा हवा ओढत असतो, त्यामुळे ट्रे उणे दाबाखाली असतो. ड्रेनला यू आकाराचा ट्रॅप नसेल किंवा तो सुकला असेल तर बाहेरची हवा पाइपातून आत घुसते आणि पाणी ट्रेमध्येच थोपून राहतं. उन्हाळ्यात बरेच दिवस बंद असलेला एएचयू सुरू करण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी ओतून तो भरून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण विसरलं की तळमजल्याच्या पार्किंगपर्यंत पाणी येतं.

पावसाळ्यात लोक १८ अंशांवर एसी लावतात आणि तरी "कोंदट वाटतंय" म्हणतात. बाहेर आधीच २२-२३ अंश असतात, म्हणून मशीन लगेच कट होतं आणि ओल तशीच राहते. त्यांना ड्राय मोड लावून द्या, ब्लोअर कमी वेगावर ठेवा. एरवीसाठी २४ अंश. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीला कारखान्यातूनच २४ अंश हे मूळ सेटिंग बंधनकारक आहे, आणि एकेक अंश वर ठेवल्यानं साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगते. दुकानदाराला हेस्कॉमचं बिल समोर ठेवून हे सांगितलं की लगेच पटतं.

सातवी पायरी: वीज

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, विजा कडाडतात, लाइन जाते-येते. बोर्ड जळण्याचा हाच हंगाम. अर्थिंग मार्चमध्येच तपासून घ्या, अर्थपिटमध्ये पाणी घाला, डीबीत सर्ज प्रोटेक्टर नसेल तर मालकाला लेखी सुचवा. लाइन परत आल्यावर कॉम्प्रेसर किमान तीन मिनिटांनी सुरू झाला पाहिजे. जुन्या मशीनला टाइम डिले नसेल तर बसवा.

सिंगल फेजला २३० व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे २०७ ते २५३, एवढं चालतं. थ्री फेजला तिन्ही फेजमधला तोल जास्त महत्त्वाचा. समजा ४१०, ४१५ आणि ३९६ मिळाले. सरासरी ४०७, सर्वात लांबचा आकडा ११ व्होल्टनं दूर, म्हणजे २.७ टक्के असमतोल. हे २ टक्क्यांच्या वर गेलं की मोटर नाहक तापते, २.७ टक्क्यांना तिच्या तापमानवाढीत साधारण पंधरा टक्क्यांची भर पडते. अशा वेळी आधी इमारतीतला सिंगल फेज लोड कुठल्या फेजवर जास्त आहे ते बघा, मग हेस्कॉमकडे अर्ज करा.

सहा महिन्यांतून एकदा सगळी टर्मिनल आवळा. ॲल्युमिनियमच्या केबलचे लग्स थंड-गरम होऊन सैल पडतात; काळी पडलेली, वितळल्यासारखी दिसणारी वायर कापून नवीन लग लावा, नुसतं आवळून भागत नाही. कॉन्टॅक्टरचे (कॉम्प्रेसरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट खड्डे पडून खरखरीत झाले असतील तर पॉलिश पेपरनं घासत बसू नका, कॉन्टॅक्टर बदला. कॅपेसिटर मोजा. छापील आकड्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त उतरला असेल किंवा वरून फुगला असेल तर तो बदलायला लागतोच. किमतीनं तो किरकोळ असतो, पण त्याच्या नादानं कॉम्प्रेसर जातो. मोटर आणि कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) तपासा, एक मेगाओहमच्या खाली असेल तर सुरू करू नका. इन्व्हर्टर बोर्ड जोडलेला असताना मेगर लावायचा नाही, आणि व्हॅक्यूम असलेल्या कॉम्प्रेसरलाही नाही.

पाली, मुंग्या आणि उंदीर यांना कमी लेखू नका. आउटडोअरच्या बोर्डावर ऊब असते, पाल तिथे जाऊन बसते आणि दोन टर्मिनलमध्ये जळते. केबल आत शिरते ती भोकं सीलंटनं बुजवा.

आठवी पायरी: गॅसबद्दल

"दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की मालकही ते खर्चात धरतात. एसीची नळी बंदिस्त असते; गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर तो कुठून तरी गळतोय. फ्लेअर नट, व्हॉल्व्हची पिन, कंपनानं घासलेली केशनळी, ॲसिडनं खाल्लेली कॉइल, या जागा साबणाच्या पाण्यानं तपासा. जिथे तेलाचा डाग आहे तिथे आधी बघा, कारण गॅसबरोबर तेल बाहेर येतं.

गळती सापडल्यावर जोड करा, कोरड्या नायट्रोजननं कंपनीनं दिलेल्या दाबापर्यंत दाब देऊन थांबा. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेलाशी मिळून स्फोट होतो आणि माणसं दगावतात. मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत खेचा, पंप बंद करून आकडा वर येतो का बघा, आणि गॅस काट्यावर मोजून, पट्टीवरच्या ग्रॅमप्रमाणे भरा. पावसाळ्यात व्हॅक्यूमला जास्त वेळ द्या, नळीत ओल शिरलेली असते. आर-४१०ए आणि आर-४०७सी हे मिश्रण असलेले गॅस द्रवरूपातच सोडायचे, वाफेतून सोडले तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं.

दाबाचा अंदाज असावा म्हणून: कॉइलमध्ये ४-५ अंश असताना सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या नळीवर) आर-२२ साधारण ६८-७०, आर-४१०ए ११८ आणि आर-३२ १२० पीएसआयच्या आसपास दाखवतो. आर-२२ वाल्या जुन्या मशीनचं पुढे काय करायचं हे मालकाशी आताच बोला. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार तो एचसीएफसी गॅसांचा गट २०३० पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद होतोय. मोठी दुरुस्ती निघाली तर मशीन बदलणंच शहाणपणाचं. आर-२२ च्या मशीनमध्ये "चालतंय की" म्हणून दुसरा गॅस ढकलू नका, विशेषतः ज्वलनशील गॅस.

मोठा प्लांट असेल तर

हॉस्पिटल, मॉल किंवा मोठ्या हॉटेलात चिलर (पाणी थंड करून इमारतभर फिरवणारं मशीन) असतो. त्याची आतली कामं कंपनीची माणसं करतात. तुमचं काम तासातासाची नोंद आणि पाणी. एएचयूचा पट्टा बोटानं दाबल्यावर दोन पुल्यांमधल्या मीटरभर अंतरात साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. दोन-तीन पट्टे असतील तर एकच तुटला तरी सगळा संच बदला, नवा आणि जुना एकत्र चालत नाहीत.

कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरवेलचं जड पाणी भरत असाल तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षाराचा थर फार लवकर धरतो. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. भरलेल्या पाण्याच्या तीन ते पाच पटींच्या पुढे जाऊ देऊ नका, त्याआधी थोडं पाणी सोडून द्या. कंडेन्सरमधला गॅस आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक नव्या मशीनला १-२ अंश असतो. तो चारच्या पुढे गेला की नळ्या ब्रशनं घासायची वेळ आली. टॉवरच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो, आणि हॉस्पिटलमध्ये तो जिवावर बेततो. बायोसाइडचा (जंतू मारणाऱ्या औषधाचा) डोस कधीही चुकवू नका, आणि टॉवर घासताना चांगला मास्क घाला.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारीत मोठी सर्व्हिस करा: कॉइल, वीज, सगळे आकडे. लग्नसराई आणि ऊन एकदम येतात, तेव्हा मंगल कार्यालयाचा एसी बंद ठेवायला एक दिवसही मिळत नाही. याच महिन्यात स्पेअरची यादी करून कॅपेसिटर, कॉन्टॅक्टर, पंख्याची एखादी मोटर आणून ठेवा. बोर्डासारखी वस्तू कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याहून मागवावी लागते, आणि एप्रिलमध्ये ती लवकर मिळत नाही.

मेअखेर ड्रेन, उतार, गंज. स्टँडचे बोल्ट आणि पाय नीट बघा, गंजलेला स्टँड वादळी वाऱ्यात आउटडोअरसकट रस्त्यावर येऊ शकतो. पावसाळ्यात दर महिन्याला ट्रे आणि फिल्टर. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं वाळवून आउटडोअर धुवा, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामभर महिन्याला पुन्हा.

थंडीत बेळगावात बरेच जण एसी पूर्ण बंद करतात आणि एमसीबीही पाडतात. मोठ्या कॉम्प्रेसरला क्रँककेस हीटर (तेल गरम ठेवणारा) असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी किमान बारा तास, शक्यतो आदल्या दिवसापासून, वीज देऊन ठेवा. बंद काळात गॅस तेलात विरघळलेला असतो. हीटरनं तो बाहेर पडला नाही तर सुरू होताच तेल फेसाळतं आणि कॉम्प्रेसर वंगणाशिवाय फिरतो. हे वॉचमनमामांनाही सांगून ठेवा, म्हणजे ते वीज वाचवायच्या भल्या हेतूनं रात्री तो एमसीबी पाडणार नाहीत.

एएमसी (वर्षाचा देखभाल करार) आणि मालकाशी बोलणं

करार लिहिताना किती फेऱ्या, कोणत्या महिन्यात, कोणते आकडे द्यायचे आणि कोणता सुटा भाग कोणाच्या खर्चात हे स्पष्ट लिहा. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात गॅस आणि कॉम्प्रेसर धरलाय की नाही यावरूनच नंतर वाद होतात. बोर्ड विजेनं जळला तर कोण भरणार, तेही त्याच कागदावर असू द्या.

मालक म्हणतील, "थंड होतंय की, मग सर्व्हिस कशाला?" त्यांच्याशी हुज्जत घालू नका. एकाच मशीनचा सर्व्हिसच्या आधीचा आणि नंतरचा करंट दाखवा. "शेठ, सकाळी साडेनऊ अँपिअर घेत होता, आता आठ घेतोय, आणि हवा तीन अंशांनी जास्त थंड आहे," एवढं बोललात की पुढच्या फेरीची तारीख तेच विचारतात.

काम संपल्यावर आकड्यांची एक प्रत मालकाला द्या, दुसरी इंडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवा, त्यावर तारीख आणि पुढच्या फिल्टर धुण्याचा दिवस लिहा. पुढच्या वेळी तुमच्या जागी दुसरा कोणी आला तरी पॅनेल उघडताच त्याला कळेल की मशीन मागच्या वेळी कसं चालत होतं.